जुम्मापट्टी टेबलावर: वाफेच्या काळातलं स्टेशन मॉडेलमध्ये कसं उभारायचं

मॉडेल रेल्वे करायची ठरली की नवखा माणूस आधी इंजिन विकत घेतो. मग रुळांचा गोल येतो, मग एखादा बोगदा, दोन झाडं आणि परदेशी धाटणीचं घर. चार महिन्यांनी तो गोल कंटाळवाणा होतो आणि सगळं माळ्यावर जातं. माझीही सुरुवात अशीच झाली. एकच खरं स्टेशन, तेही एका ठरावीक वर्षाच्या ठरावीक महिन्यातलं, असं पक्कं केलं तेव्हा कुठे काम मार्गी लागलं. कुठला रंग, कुठलं झाड, किती डबे, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मग त्या स्टेशनावरच शोधायचं असतं.

मी निवडलं नेरळ-माथेरान मार्गावरचं जुम्मापट्टी. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही दोन फुटी, म्हणजे दोन रुळांत ६१० मिलिमीटर अंतर (गेज) असलेली लाइन १९०७ साली सुरू झाली. लांबी साधारण २१ किलोमीटर. नेरळ सोडून गाडी डोंगराला भिडली की पहिलं स्टेशन लागतं ते जुम्मापट्टी. वर जाणारी आणि खाली उतरणारी गाडी इथे एकमेकींना वाट देतात, म्हणजे त्यांचं क्रॉसिंग होतं. मॉडेलला एवढं पुरतं: एक मुख्य रूळ, एक बाजूचा रूळ, दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा) आणि मागे सह्याद्री. तुमचं स्टेशन वेगळं असेल, पण पायऱ्या याच.

१. स्टेशन लहान निवडा

कुर्डुवाडी, मिरज, पुणे यांचा मोह आवरा. शंभर मीटर लांबीचा फलाट १:७६ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाने, १३१ सेंटिमीटर होतो, म्हणजे खोलीची अर्धी भिंत फलाटातच गेली. ज्या स्टेशनावर सांधे तीनपेक्षा जास्त नाहीत, असं पहिल्या खेपेला घ्या. डोंगरी नॅरो गेजचा आणखी एक फायदा आहे. ब्रॉड गेजची वळणं प्रमाणात करायला दिवाणखाना पुरत नाही. माथेरानच्या लाइनीवर सर्वांत तीव्र वळण अवघ्या ४५ फूट त्रिज्येचं, ते १:७६ मध्ये बरोबर १८ सेंटिमीटर येतं. जेवणाच्या ताटापेक्षा थोडं मोठं वर्तुळ. खरं वळण जसंच्या तसं टेबलावर मांडता येईल अशा जागा फार थोड्या असतात.

२. वर्ष आणि महिना ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे पस्तावतात. ‘वाफेचा काळ’ एवढं म्हणून भागत नाही. या लाइनीवर वाफेची इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत धावली, पण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून डिझेलही आलं होतं. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे अस्तित्वात आली, म्हणजे त्याच्या आधीची आणि नंतरची अक्षरं, फलक, शिक्के सारखे असणार नाहीत. दशमान नाणी १९५७ ची. महाराष्ट्र राज्य १९६० चं. यातली एक तारीख चुकली की जाणत्याच्या डोळ्याला लगेच खुपते.

मी नोव्हेंबर १९५३ पक्का केला. डिझेल अजून आलेलं नाही, पावसाळ्यात बंद असलेली गाडी नुकती सुरू झालेली, गवत अजून उभं आहे पण शेंड्याकडून पिवळं पडायला लागलंय. महिना ठरला की फळंसुद्धा ठरतात. माझ्या पहिल्या मांडणीत फलाटावर बसलेल्या ठाकर बाईच्या टोपलीत मी करवंदं रंगवली होती, खसखशीच्या दाण्यांना काळा रंग देऊन. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेजारच्या काकूंनी एकदा पाहिलं आणि विचारलं, “अगं, दिवाळी झाल्यावर करवंदं कुठली?” करवंदं वैशाखातली. आता त्या टोपलीत आवळे आहेत.

३. कागद, फोटो आणि आठवणी जमवा

हाताशी असायला हवं ते असं:

– त्या काळातले फोटो, निदान तीन वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले
– सर्व्हे ऑफ इंडियाचा त्या भागाचा नकाशा, उंचीच्या रेषांसह
– जुनं वेळापत्रक मिळालं तर उत्तमच, गाड्यांचा क्रम त्यातून कळतो
– चौकटींची वही, पेन्सिल, पाच मीटरचा टेप
– फूटभर अंतरावर काळे-पांढरे पट्टे रंगवलेली सहा फुटी काठी

घरोघरच्या सहलीच्या अल्बममध्ये खजिना असतो. नातेवाइकांना नुसतं ‘माथेरानचे फोटो आहेत का’ विचारू नका, ‘गाडीतले किंवा स्टेशनवरचे’ असं विचारा. लोक फोटोत माणसं बघतात, आपल्याला त्यांच्या पाठीमागची भिंत हवी असते. मात्र काळ्या-पांढऱ्या फोटोला संगणकाने रंग भरलेला असेल तर त्यावरून रंग ठरवू नका. ते रंग अंदाजाने भरलेले असतात.

आठवणीही लिहून घ्या. माझी आत्या लहानपणी वाफेच्या गाडीने गेलेली. ती म्हणाली, खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि आजी पदराच्या टोकाने काढायची. चढावर भाऊ उतरून गाडीबरोबर चालायचे आणि पुन्हा चढून बसायचे. दोन डब्यांच्या मध्ये ब्रेकवाले उभे असत, इंजिनाच्या शिट्टीवर ते हाताने ब्रेक आवळत किंवा सोडत. हे ब्रेकवाले मी मॉडेलमध्ये विसरलेच असते. आज प्रत्येक डब्याच्या टोकाला एकेक उभा आहे.

४. जागेवर जाऊन मोजा

जुम्मापट्टीला नेरळ-माथेरान घाटरस्त्यावरून पोचता येतं. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना आधी भेटा, कशासाठी मोजताय ते सांगा, मगच टेप काढा. परवानगीशिवाय रुळांवर उतरू नका. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे आणि कारण काहीही असलं तरी चालत नाही.

रुळांवर न उतरता मोजायची युक्ती अशी. पट्ट्यांची काठी भिंतीला टेकवून उभी करा आणि भिंतीच्या अगदी समोरून, शक्य तितकं लांबून फोटो घ्या. जवळून, तिरपा काढला तर दारं-खिडक्या निमुळत्या दिसतात आणि मापं चुकतात. घरी फोटो छापला की काठीवरच्या पट्ट्यांवरून सगळं माप निघतं. दगडी किंवा विटांची भिंत असेल तर एका थराची उंची मोजा आणि थर मोजत जा. दाराच्या चौकटीची उंची मात्र टेपनेच घ्या, बाकी अंदाज त्याच्याशी पडताळता येतात.

सगळं फुटा-इंचात मोजा. त्या काळचं बांधकाम फुटा-इंचातच झालेलं आहे आणि आपलं प्रमाण फुटाला चार मिलिमीटर. सात फुटी दार २८ मिलिमीटर, नऊ इंची वीट तीन मिलिमीटर, साडेपाच फुटी माणूस २२ मिलिमीटर. चार दिवसांत हे तोंडपाठ होतं.

एक सावधगिरी. आज दिसतं ते सगळं जुनं नसतं. २००५ च्या जुलैतल्या पावसाने ही लाइन जागोजाग वाहून नेली आणि २००७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतरही दुरुस्त्या होत राहिल्या आहेत. सिमेंटचे खांब, नव्या टाइल्स, पत्रे, लोखंडी कठडे हे सगळं वहीत वेगळ्या रंगाने टिपा आणि जुन्या फोटोशी ताडून पाहा. फोटोत नसेल ते मॉडेलमधून काढा.

५. प्रमाण आणि गेज यांचा हिशोब करा

इथे बरेच जण अडखळतात. प्रमाण म्हणजे मॉडेल खऱ्याच्या कितव्या हिश्शाचं ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर. बाजारात सहज मिळतो तो ९ मिलिमीटरचा रूळ. तो १:८७ प्रमाणात वापरला तर ७८३ मिलिमीटर दाखवतो, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेसारख्या अडीच फुटी (७६२ मिलिमीटर) लाइनीला जवळजवळ चपखल. तोच रूळ १:७६ मध्ये ६८६ मिलिमीटर होतो. माथेरानच्या ६१० पेक्षा तो सुमारे साडेसात सेंटिमीटरने जास्त, मॉडेलवर एक मिलिमीटर. मी हा एक मिलिमीटर मान्य केला, कारण १:७६ मध्ये माणसं, टोपल्या, बाकं, दारं-खिडक्या तयार मिळतात. या जोडीला ‘ओओ-नाइन’ म्हणतात. अगदी नेमकं दोन फुटीच हवं असेल तर १:४३.५ प्रमाणात १४ मिलिमीटर गेज आहे, पण त्यात जवळपास सगळं हाताने करावं लागतं. पहिल्या मॉडेलला तो मार्ग धरू नका.

नेहमीचा सापळा असा की ९ मिलिमीटरचा कुठलाही रूळ चालेल असं वाटतं. एन गेजचा (आणखी लहान प्रमाणाच्या मॉडेलांचा) रूळ ९ मिलिमीटरच असतो, पण त्याचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, बारीक आणि दाट असतात. १:७६ च्या गाडीखाली ते काडेपेटीतल्या काड्यांसारखे दिसतात. पेको कंपनीचा ओओ-नाइनसाठीचा रूळ घ्या, त्याचे स्लीपर रुंद आणि विरळ असतात. परदेशातून मागवत असाल तर पोस्ट आणि कस्टमचा खर्च आधीच धरा, आणि सगळा रूळ व सांधे एकाच खेपेत मागवा.

६. मॉडेलच्या आकाराचा कागद जमिनीवर पसरा

लाकूड कापण्याआधी पुस्तकांना घालायचा खाकी कागद चिकटवून मॉडेलच्या आकाराचा तुकडा करा आणि त्यावर रूळ आखा. पुठ्ठ्याची इमारत करून ठेवा. गाडीच्या लांबीची पट्टी कापून बाजूच्या रुळावर ठेवून बघा. गाडी दोन्ही सांध्यांच्या आत पूर्ण मावते का? मावत नसेल तर क्रॉसिंग होणारच नाही. मग इमारत लहान करू नका, सांध्यांच्या बाहेरचं मोकळं अंतर कमी करा. माझं स्टेशन १२० बाय ४५ सेंटिमीटर फळीवर बसलं, आणि दोन्ही टोकांना साठ-साठ सेंटिमीटरच्या उघड्या फळ्या जोडल्या. डावीकडच्या फळीवर ‘नेरळ’, उजवीकडच्या फळीवर ‘माथेरान’. गाड्या तिथे उभ्या राहतात, हाताने वळवल्या जातात आणि परत स्टेशनात येतात.

कागद आठवडाभर तसाच राहू द्या. घरचे वैतागतात, पण येता-जाता नजर पडून चुका दिसतात.

७. पाया: इथे काटकसर नको

कोकणपट्टीतली हवा मॉडेलची वैरी आहे. मी बदलापूरला राहते. माझा पहिला पाया सहा मिलिमीटर प्लायवुडचा होता. जुलै उलटेपर्यंत मधोमध फुगवटा आला आणि सांध्यावर रूळ इतका उचलला गेला की खालून पोस्टकार्ड सरकत होतं. सगळं खरवडून काढावं लागलं. तेव्हापासून १२ मिलिमीटरचं पाणरोधक प्लायवुड वापरते, खाली दर तीस सेंटिमीटरला आडवी पट्टी, आणि रंग दोन्ही बाजूंना व कडांना. एकच बाजू रंगवली तर दुसऱ्या बाजूने दमट हवा शिरते आणि फळी वाकतेच. वाळवीचं औषध याच वेळी मारून घ्या.

रूळ जोडताना दर मीटरला पाव ते अर्धा मिलिमीटर फट ठेवा. मे महिन्यात धातू फुलतो, त्याला जागा लागते.

चढाबद्दल थोडं. माथेरानचा चढ २० ला १, म्हणजे मीटरला पाच सेंटिमीटर. खऱ्या लाइनीसाठी इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावर ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने सहा चाकी इंजिनं बांधली. वळणावर त्यांच्या टोकाकडच्या आसांना बाजूला सरकायची मुभा होती. आपलं मॉडेल इंजिन हलकं असतं, २० ला १ चढावर त्याची चाकं जागीच फिरतात. शिशाचं वजन भरून थोडी सुधारणा होते (मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिसं मिळतं, हाताळल्यावर हात साबणाने धुवा). त्याहून चांगला उपाय म्हणजे रूळ जवळपास सपाट ठेवून जमीनच उतरती करा. रुळाच्या एका बाजूला डोंगर चढता, दुसऱ्या बाजूला दरी पडती. बघणाऱ्याला गाडी चढतेय असंच वाटतं. स्टेशनचा भाग मात्र अगदी सपाट हवा, नाहीतर सोडलेले डबे घरंगळतात.

८. वीज, सांधे आणि वेग

बारा व्होल्टचा डीसी कंट्रोलर (गाडीचा वेग कमी-जास्त करणारी पेटी) पुरतो. क्रॉसिंगसाठी दोन इंजिनं एकाच वेळी रुळांवर असतात, म्हणून मुख्य आणि बाजूचा रूळ विजेच्या दृष्टीने वेगळे करा: सांध्याच्या पुढे रूळ कापून प्लास्टिकचा जोड घाला आणि प्रत्येक रुळाला स्वतंत्र स्विच द्या. एक गाडी थांबली की तिचा स्विच बंद. प्रत्येक रुळाला स्वतंत्र वायर जोडा, नुसत्या धातूच्या जोडांवर भरवसा ठेवू नका. दमट हवेत ते सहा महिन्यांत दगा देतात.

इंजिनासाठी एन गेजची तयार छोटी चेसिस (मोटर आणि चाकं असलेला खालचा सांगाडा), उदाहरणार्थ कॅटो कंपनीची, घेऊन तिच्यावर थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी बसवणं हा नवख्याला जमणारा रस्ता आहे. चेसिस आल्या आल्या १८ सेंटिमीटरच्या वळणावर चालवून पाहा. अडली तर वळण २२-२३ सेंटिमीटरचं करा, त्यात कमीपणा नाही.

वेगाची परीक्षा घड्याळावर घ्या. खरी गाडी ताशी दहा-बारा किलोमीटरच्या आसपास चालते. १:७६ मध्ये मॉडेलने एक मीटर कापायला २३ ते २७ सेकंद घ्यायला हवेत. पहिल्यांदा हे फार हळू वाटतं. पण आत्याचे भाऊ उतरून शेजारी चालत होते, ते याच वेगाला.

९. खडी, माती, झाडं

दोन इंची खडी १:७६ मध्ये पाऊण मिलिमीटरपेक्षाही लहान होते. बाजारात ‘मॉडेलची खडी’ म्हणून मिळते ती बहुतेकदा जास्तच जाड असते. नदीची वाळू धुऊन वाळवा, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून काढा. मैद्याच्या चाळणीत उरते ती आपली. मऊ ब्रशने ती स्लीपरच्या मध्ये सारून घ्या, स्लीपरवरचे दाणे बोटाच्या टिचकीने उडवा. मग पाण्याची हलकी फवारणी. त्यानंतर एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि हे मिश्रण औषधाच्या ड्रॉपरने थेंब-थेंब सोडा. थेंब पडताच वाळूत शोषला गेला पाहिजे. गोळी होऊन वर थरथरत राहिला तर फवारणी कमी पडली आहे. सांध्याच्या हलत्या जिभेजवळ आल्यावर ड्रॉपर खाली ठेवा. तिथे खडी कोरडीच बसवा आणि टाचणीच्या टोकाने गोंद लावा. एक थेंब आत गेला की तो सांधा कायमचा बसतो.

डोंगराला सरसकट लाल रंग देऊ नका. माथेरानची लाल माती वर, पठारावर जांभ्याची आहे. खालच्या टप्प्यावर काळपट-तपकिरी बेसाल्ट, आडव्या थरांचा. थर्मोकोलचे थर रचून वर प्लास्टर, आणि ओलं असतानाच जुन्या दातघासणीने आडवे ओरखडे. गवताला काथ्या कापून, झाडांना वाळलेल्या दोडक्याची जाळी आणि रंगवलेला लाकडाचा भुसा. साग ओळखू यायला पानं मोठी लागतात, म्हणून त्याला भुसा न वापरता वाळलेली खरी पानं चुरडून लावा.

रुळांच्या कडांना गंजाचा रंग द्या, वरचा पृष्ठभाग मात्र लखलखीत ठेवा. मॉडेलचा रूळ खऱ्या हलक्या रुळापेक्षा जाड असतो, गंजाच्या रंगाने तो बसका दिसतो. इंजिन उभं राहतं तिथे स्लीपरांवर कोळशाची खरी पूड आणि तेलकट काळा डाग.

१०. काळजी

आठवड्यातून एकदा रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खिडक्या उघडून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब. सँडपेपर कधीही वापरू नका, बारीक चऱ्यांत मळ साचतो. वरून पारदर्शक झाकण करून घ्या. चादर नको, तिचे धागे चाकांच्या आसांत गुंततात. जूनच्या मध्याला मी इंजिनं काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवते, जोडफळ्या सोडवून उभ्या करते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गाडी बंद ठेवते. नेरळहून वर जाणारी खरी गाडीही तोवर बंदच असते.